कम्युनिटी कॉलेजात मेंटॉर असल्याने खरंच फरक पडतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे गणिताचे वर्ग घेते. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, मुलांना शाळेतून आणताना पार्किंगमध्ये, कधी पुण्याहून आलेल्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन सुटका करून घेण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं ज्युनिअर कॉलेजच ना?

नाही. घोटाळा नावामुळे होतो. १९०१ साली इलिनॉयमध्ये सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज म्हणजे जोलिएट ज्युनिअर कॉलेज. पण आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, आणि हे बारावीनंतरचं. इथे दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी मिळते. ती घेऊन कुणी नर्सिंग, अकाउंटिंग किंवा वेल्डिंगच्या नोकरीला लागतं, तर कुणी चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातं. या दुसऱ्या वाटेला ट्रान्सफर म्हणतात. प्रवेशाला कटऑफ नाही, हायस्कूल झालं की दार उघडं. फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी. देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत, त्यातली ११६ एकट्या कॅलिफोर्नियात.

मग तक्रार कसली? दार उघडं आहे, फी कमी आहे.

आत शिरणाऱ्यांपैकी फार थोडे ठरवलेल्या ठिकाणी पोचतात, ही. दहातले आठ विद्यार्थी पहिल्या दिवशी सांगतात की त्यांना पुढे चार वर्षांची बॅचलर पदवी घ्यायची आहे. सहा वर्षांनी पाहिलं तर ती हातात पडलेले शंभरातले सोळाच्या आसपास असतात.

ही मुलं अभ्यासात कच्ची असतात म्हणून?

काही असतात. प्रवेशाच्या वेळी गणितात किंवा इंग्रजीत कमी पडल्यामुळे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) न देणाऱ्या पूर्वतयारीच्या वर्गात टाकलेले बरेच जण तिथेच अडकतात. पण माझ्या वर्गातून गळणाऱ्यांचा हिशोब केला तर गणितापायी गेलेले कमी आणि कॅलेंडरपायी गेलेले जास्त निघतील.

दोन-तृतीयांशाच्या आसपास विद्यार्थी पार्ट-टाइम शिकतात. नोकरी असते, घरी लेकरं असतात, गाडी बंद पडलेली असते. वसतिगृह बहुतेक ठिकाणी नाहीच. वर्ग संपला की सगळे थेट पार्किंगकडे. ज्या गप्पांमधून 'अरे, या सेमिस्टरला तो कोर्स घेऊ नकोस' हे कळतं, त्या गप्पाच होत नाहीत. शिक्षकांचंही तेच. निम्म्याहून जास्त शिक्षक माझ्यासारखे तासांवर नेमलेले. मला बसायला स्वतंत्र खोली नाही. विद्यार्थ्यांच्या शंका मी व्हेंडिंग मशीनशेजारच्या बाकावर सोडवते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे 'कॅलेंडर' कशाला म्हणते ते कळेल. गोदामात रात्रपाळी करणारा तिशीचा एक विद्यार्थी नवव्या आठवड्यात दुसरी चाचणी नापास झाला आणि यायचा बंद झाला. त्याची समजूत अशी की येणं थांबवलं म्हणजे नाव आपोआप कमी होतं. तसं होत नाही. मुदतीच्या आत अर्ज केला तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू येतो, म्हणजे विषय सोडला. अर्ज केला नाही तर एफ. त्याला एफ मिळाला, सरासरी घसरली आणि पुढच्या सेमिस्टरची सरकारी मदत थांबली. तो परत आला नाही. दहा मिनिटांचं काम होतं, पण ते सांगायला त्याच्या ओळखीचं कॉलेजात कुणी नव्हतं. मीही नव्हते, हे मला अजून टोचतं.

मेंटॉर, अॅडव्हायझर, कौन्सेलर, ट्यूटर… एकच का हे सगळे?

कागदावर वेगळे, प्रत्यक्षात सरमिसळ. अॅडव्हायझर कोणते कोर्स घ्यायचे ते सांगतो. कॅलिफोर्नियात तेच काम बहुतेक ठिकाणी कौन्सेलर करतात. ट्यूटर एखादा विषय शिकवतो. मेंटॉर म्हणजे आपल्या पुढच्या टप्प्यावर पोचलेलं माणूस, जे बराच काळ लक्ष ठेवून असतं. ग्लोरिया क्रिस्प आणि आयरीन क्रूझ यांनी २००९ मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा मेंटॉरिंगच्या पन्नासहून जास्त व्याख्या सापडल्या. त्यामुळे 'मेंटॉरिंगने अमुक टक्के फायदा' असं वाक्य ऐकलं की आधी विचारावं, नेमकं कुणी, कुणासाठी, किती वेळा, काय केलं?

विद्यार्थ्याला पदनामाशी घेणं-देणं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की दरवेळी तेच माणूस भेटावं आणि आधीची हकीकत पुन्हा सांगावी लागू नये.

फरक पडतो याचा पुरावा आहे का, की नुसत्या भावनिक गोष्टी?

पुरावा आहे आणि चांगला आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'एसॅप' नावाची योजना सुरू केली. एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी घेतले. सगळे कमी उत्पन्नाच्या घरातले, सगळ्यांना पूर्वतयारीचे वर्ग लागणारे. चिठ्ठी काढावी तसे दोन गट केले, एकाला योजना, दुसऱ्याला नेहमीचं कॉलेज. तीन वर्षांनी नेहमीच्या गटात २२ टक्के पदवीधर झाले आणि योजनेच्या गटात ४० टक्के. शिक्षणातल्या प्रयोगांमध्ये आकडे सहसा एक-दोन टक्क्यांनी हलतात, त्यामुळे हा निकाल आला तेव्हा बऱ्याच जणांनी तो पुन्हा पुन्हा तपासला. मग ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तीच योजना उचलली. तिथे १९ टक्क्यांवरून ३५.

योजनेत होतं काय? फुल-टाइम शिकण्याची अट. फीमध्ये मदतीनंतर उरलेली तूट माफ. पुस्तकं. दर महिन्याचा मेट्रोचा पास. आणि गाभ्याला एक अॅडव्हायझर, ज्याच्याकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी. नेहमीच्या अॅडव्हायझरकडे तिथे सहाशे ते दीड हजार होते. एवढ्यांची नावंही कुणाच्या लक्षात राहणार नाहीत.

मला त्यातला मेट्रो पास फार आवडतो. तो भेटीगाठींशी जोडलेला होता, अॅडव्हायझरला भेटलं तरच पास. कडक वाटेल, पण अडचणीत सापडलेलं मूल स्वतःहून दार ठोठावत नाही हे ओळखून केलेली सोय आहे ती. मदत ऐच्छिक ठेवली की जो आधीच सावरलेला आहे तोच घेऊन जातो.

म्हणजे पैशाने फरक पडला. मेंटॉरचा काय संबंध?

शंका रास्त आहे. एसॅपमध्ये सगळं एकत्र होतं, त्यामुळे श्रेय वाटून देता येत नाही. पण टेक्सासमधला एक प्रयोग मदतीला येतो. फोर्ट वर्थमध्ये टॅरंट काउंटी कॉलेजात 'स्टे द कोर्स' नावाने गरीब विद्यार्थ्यांना एक समाजसेवक नेमून दिला. इथे त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. तो घरभाडं, पाळणाघर, नवऱ्याशी भांडण, परीक्षा, सगळ्यात सोबत असायचा आणि अडीनडीला थोडी रोख मदतही करता यायची. दुसऱ्या एका गटाला फक्त रोख मदतीची सोय दिली, माणूस दिला नाही. नुसत्या पैशाच्या गटात काहीच हललं नाही. माणूस मिळालेल्या गटात स्त्रियांचं टिकून राहण्याचं आणि पदवीचं प्रमाण स्पष्ट वाढलं, पुरुषांत तसं दिसलं नाही. पुरुषांत का नाही, यावर माझा अंदाज एवढाच की अडचण उघड बोलून दाखवायला आमच्या वर्गातले पुरुष फार वेळ लावतात, आणि तोवर सेमिस्टर संपतं.

मग प्रत्येकाला मेंटॉर नेमून दिला की झालं!

असं करून पाहिलेल्यांचे निकाल वाचा. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या साउथ टेक्सास कॉलेजात २००८ मध्ये गणिताच्या वर्गांना कॉलेजचेच कर्मचारी मेंटॉर म्हणून जोडून दिले. ते वर्गात दोन-चार वेळा येऊन बोलायचे, कुठे मदत मिळेल ते सांगायचे. एकूण उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. फायदा दिसला तो पार्ट-टाइम विद्यार्थ्यांना आणि पूर्वतयारीच्या गणितात बसलेल्यांना, म्हणजे कॉलेजशी धागा सगळ्यात कच्चा असलेल्यांना.

ओहायोतल्या दोन कॉलेजांनी एसॅपच्याही आधी दोन सेमिस्टर जास्तीचं समुपदेशन आणि थोडा भत्ता देऊन पाहिला. चालू होतं तोवर गुण आला, बंद केल्यावर ओसरला. डेट्रॉइटमध्ये फी-माफीच्या जोडीला कोच दिले, भेटींसाठी महिन्याला ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. विद्यार्थी जास्त टिकले, क्रेडिट्स जास्त मिळवली, पण तीन वर्षांनी पदव्यांच्या संख्येत फरक दिसला नाही.

या सगळ्यावरून माझं मत असं झालंय की मेंटॉरिंगला औषधासारखी मात्रा लागते. महिन्यातून एकदा 'कसं चाललंय?' विचारणं ही बडीशेप झाली.

मेंटॉर नेमकं करतो तरी काय? प्रेरणादायी भाषणं?

भाषणं कमीत कमी. माझ्या ओळखीचे जे चांगले मेंटॉर आहेत ते अगदी किरकोळ दिसणारी कामं करतात. 'चाचणी गेली ना? मग नाव काढण्याची शेवटची तारीख बघ, पण त्याआधी फायनान्शियल एडच्या ऑफिसात विचार, नाहीतर पैसे परत करावे लागतील.' 'सिलॅबस म्हणजे करारपत्र असतं, त्यातला गुणांचा तक्ता वाच.' 'ऑफिस अवर्स म्हणजे सरांच्या कामाची वेळ नव्हे, तुझ्यासाठी राखलेली वेळ आहे.' हे शेवटचं कळायला आपल्याकडून आलेल्यांना फार वेळ लागतो. शंका विचारली तर सर काय म्हणतील, हे भय आपण विमानातून सोबत आणतो.

सगळ्यात महागडी चूक ट्रान्सफरची. सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज काढला होता की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. घेतलेला कोर्स पुढच्या विद्यापीठाला चालत नाही, म्हणून तो पुन्हा करायचा आणि पुन्हा फी भरायची. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' या संकेतस्थळावर कोणता कोर्स कुठे चालतो ते दिसतं. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा कॅम्पस, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, अटी पाळल्या तर ट्रान्सफरची हमीही देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. हमीचा अर्ज मात्र सप्टेंबरात करायचा, मुख्य अर्जाच्याही आधी. ऑक्टोबरात 'अगंबाई, असं होतं का' म्हणणारे पालक मी पाहिलेत.

दुसरं काम दिसत नाही, पण मोठं आहे. टेक्सासच्या सीमेवरच्या लरेडोतून आलेल्या लॉरा रेंडॉन यांनी १९९४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलंय, त्या विद्यार्थ्याच्या मनात 'मी इथला आहे का?' हा प्रश्न सतत असतो. त्याने स्वतः पुढे येऊन मिसळावं ही अपेक्षा चुकीची. कॉलेजातल्या कुणीतरी पुढे होऊन 'तुला हे जमतंय' असं म्हटलं पाहिजे, आणि लवकर म्हटलं पाहिजे. मी हल्ली पहिल्या चाचणीनंतर प्रत्येक वहीवर एक ओळ लिहिते. उत्तर चुकलं असेल तरी कोणती पायरी बरोबर होती ते.

मेंटॉर आपल्याच समाजातला असावा का?

असला तर सुरुवात सोपी जाते. कॅलिफोर्नियात हेवर्डच्या शाबो कॉलेजात १९८१ मध्ये फेलिक्स गलाव्हिझ आणि पॅट्रिशिया मॅग्रा यांनी 'प्वेंते' सुरू केलं. स्पॅनिशमध्ये प्वेंते म्हणजे पूल. इंग्रजीचा एक शिक्षक, एक कौन्सेलर आणि समाजातलाच नोकरी-व्यवसायातला एक मेंटॉर असं त्रिकूट. लेखनाचे धडे मुलांच्या घरच्या, गल्लीतल्या अनुभवांवरून द्यायचे. मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी निघालेली ही कल्पना पुढे राज्यभर पसरली.

पण मराठी मेंटॉरच हवा म्हणून वर्ष फुकट घालवू नका. उलट आपल्या वर्तुळातल्या काकांना कम्युनिटी कॉलेजाबद्दल फारसं ठाऊक नसतं. ते आले एम.एस. करायला, थेट विद्यापीठात. 'कम्युनिटी कॉलेज? का, मार्क कमी पडले का?' हे वाक्य मुलासमोर बोलणारा मेंटॉर नसलेला परवडला.

आम्ही आई-बाबाच लक्ष ठेवतो. वेगळा मेंटॉर कशाला?

लक्ष ठेवा, पण कायदा आडवा येईल. १९७४ च्या 'फर्पा' कायद्यानुसार मूल कॉलेजात शिकू लागलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, मग ते सोळा वर्षांचं असून हायस्कूलबरोबर कॉलेजचा कोर्स करत असलं तरी. तुम्ही मला फोन करून 'आमच्या ईशानला किती मार्क पडले?' विचारलंत तर मला सांगता येत नाही, मराठीत विचारलंत तरीही. मुलाने लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी.

शिवाय नापास झाल्याचं मूल आईला शेवटी सांगतं. तिऱ्हाईताला आधी.

मी एच-४ व्हिसावर आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, आता नर्सिंगचा विचार आहे. मला मेंटॉर मिळेल का?

मिळेल, आणि तुम्हाला तो सगळ्यात जास्त लागेल, कारण वर्गात तुमच्यासारख्या एकट्या तुम्हीच असण्याची शक्यता आहे. एच-४ वर शिकता येतं. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र मिळत नाही, आणि स्थानिक फी लागू होईल की बाहेरची हे राज्याराज्यावर अवलंबून. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात लेखी उत्तर मागा. नर्सिंगची खरी स्पर्धा दुसऱ्या टप्प्यावर असते. कॉलेजला प्रवेश सहज, पण नर्सिंगच्या तुकडीत जागा मोजक्या. कोणत्या पूर्व-विषयात किती ग्रेड लागते, हे त्याच विभागातल्या एक वर्ष पुढच्या विद्यार्थिनीला विचारा. औपचारिक मेंटॉरपेक्षा तीच उपयोगी पडेल.

आणि एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना?

एक इशारा. एफ-१ वर दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट्स घ्यावीच लागतात. प्रेमळ मेंटॉर म्हणेल, 'झेपत नाही तर एक विषय सोड.' अमेरिकन मुलाला तो सल्ला योग्य, तुम्हाला व्हिसा गमवायला लावणारा. विषय सोडण्याआधी कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या. व्हिसाच्या बाबतीत मेंटॉरचं, माझं किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपचं ऐकू नका.

मेंटॉर शोधायचा कसा?

'तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?' असं थेट विचारू नका, समोरचा बावरतो. छोटं काम घेऊन जा. तिसऱ्या आठवड्याच्या आत एखाद्या शिक्षकाच्या ऑफिस अवर्समध्ये एक नेमका प्रश्न घेऊन जा, पंधरा दिवसांनी त्याचं काय झालं ते सांगायला परत जा. ही दुसरी फेरी बहुतेक जण मारत नाहीत, त्यामुळे मारणारा लक्षात राहतो. माझ्यासारख्या तासांवरच्या शिक्षकापेक्षा कायम नोकरीतला शिक्षक किंवा ट्यूटरिंग सेंटरचा प्रमुख बरा, पुढच्या वर्षीही तो तिथेच असेल. कॉलेजात पहिल्या पिढीच्या किंवा कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून चालणारी 'ट्रायो' योजना असेल, तर पात्रता विचारून घ्या. जागा मर्यादित असतात.

जुळलं नाही तर?

बदला. वाईट वाटून घेऊ नका, त्यालाही बहुधा हायसं वाटेल.

आपल्याकडे कॉलेजात 'मेंटॉर-मेंटी' असतं, तसंच का हे?

महाराष्ट्रातले प्राध्यापक वाचत असतील तर हसले असतील. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉरमागे विद्यार्थी किती हे विचारतात, म्हणून फायली तयार होतात, सह्या होतात. काही ठिकाणी मनापासूनही होतं, त्यांच्याबद्दल आदरच आहे. फरक कळायला एक प्रश्न पुरतो. विद्यार्थी दोन आठवडे आला नाही, तर त्या फायलीतलं कोणी फोन करतं का?

मला स्वतःला मेंटॉर व्हायचंय. नोकरी सांभाळून जमेल?

जमेल. टेनेसी राज्यात २०१४ मध्ये कायदा करून कम्युनिटी कॉलेजची फी भरून काढणारी शिष्यवृत्ती सुरू झाली, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक स्वयंसेवक मेंटॉर मिळतो. हे मेंटॉर बँकेतले, कारखान्यातले, निवृत्त शिक्षक असे साधे लोक आहेत. महिन्याला तासाभराचं काम. मुख्यतः तारखांची आठवण करून द्यायची, कारण एक मुदत हुकली की शिष्यवृत्ती जाते. वर मी महिन्यातून एकदाच्या चौकशीला बडीशेप म्हटलं खरं, पण नेमक्या तारखेच्या आदल्या दिवशी केलेला फोन वेगळा.

तुमच्या गावातल्या कॉलेजच्या विद्यार्थी सेवा कार्यालयाला ईमेल करा. पार्श्वभूमीची तपासणी होईल, एखादं प्रशिक्षण असेल. सुरुवातीला एकच विद्यार्थी घ्या. पहिल्या भेटीत त्याच्या सेमिस्टरच्या पाच तारखा तुमच्या फोनमध्ये टाका: नाव नोंदवण्याची, फी भरण्याची, विषय सोडण्याची, आर्थिक मदतीच्या अर्जाची आणि ट्रान्सफरच्या अर्जाची. गजर दोन दिवस आधीचा लावा.